‘कपल ऑफ हंड्रेड’ म्हणजे नक्की किती?

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन महिनाही झाला नव्हता. गोडाउनमध्ये सुपरवायझर जाता जाता म्हणाला, ‘अ कपल ऑफ हंड्रेड’ खोकी दाराशी काढून ठेव. मी सांगलीचा, सुट्टीत काकांच्या हळदीच्या अडतीवर पोती मोजलेला. कपल म्हणजे जोडी, जोडी म्हणजे दोन. बरोबर दोनशे खोकी रचली, वर फेरमोजणीही केली. ट्रक आला तेव्हा कळलं, चाळीस कमी. ‘मी दोनशे कुठे म्हणालो?’ तो म्हणाला. खरंच, म्हणाला नव्हता.

काका म्हणायचे, ‘दोन-अडीचशे पोती येतील बघ.’ अंदाजच, पण त्याला दोन्ही टोकं असायची, हमाल तेवढी जागा मोकळी करून ठेवायचे. इंग्रजीत एकच शब्द हातात देतात, टोकं आपण शोधायची. कपल दोनाच्या आसपास, फ्यू त्याहून थोडे जास्त, सेव्हरल आणखी थोडे, असा मी मनाशी हिशोब बसवलाय. तोही दर माणसागणिक हलतो. (आपणही धुतल्या तांदळासारखे नाही म्हणा. ‘पाच-पन्नास माणसं होतील’ म्हणणाऱ्या मामांकडे किती पानं मांडावी लागली, ते आई अजून ऐकवते.)

फ्यू तर भलताच लबाड. नुसता फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच. आधी ‘अ’ लावला की थोडे आहेत. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच! आमच्या पॅकिंगबद्दल ‘क्वाइट अ फ्यू’ तक्रारी आल्यात, असं ऐकून मी निवांत चहा पीत बसलो होतो. बाकीच्यांचे चेहरे बघून कप खाली ठेवला.

मग तो ‘एस’. फ्यू हंड्रेड, सेव्हरल थाउजंड, इथे एस नाही. ‘हंड्रेड्स ऑफ’ म्हटलं की मात्र हवा, ते आपले शेकडो.

मला सगळ्यात आवडला तो ‘ऑड’. फिफ्टी-ऑड म्हणजे आपलं पन्नासेक, असं वाटलं होतं. पण आपलं पन्नासेक अठ्ठेचाळीसही चालवून घेतं, ऑड मात्र पन्नासाच्या वरच चढतो. शिवाय लिहिताना मधली छोटी रेघ विसरू नये. मी मेलमध्ये ‘टू हंड्रेड ऑड कस्टमर्स’ असं बिनरेघेचं लिहिलं, तर त्याचा अर्थ दोनशे विक्षिप्त गिऱ्हाइकं असाही होतो, हे शेजारच्या टेबलवाल्याने हसू आवरत सांगितलं.

आकड्यांच्या बाबतीत या देशाचं स्वतःचंही बराच काळ ठरत नव्हतं. इथे बिलियन म्हणजे पूर्वी लाख कोटी. सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे शंभर कोटीच धरायचे, हे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं 1974 मध्ये.

घरी फोन केला की आईचे आकडे असेच सैल. देवळात किती गर्दी होती? ‘होती की मायंदाळ.’ पण पावसाळ्यात कृष्णेचं पाणी विचारावं. ‘आयर्विन पुलाला 38 फूट 4 इंच,’ ती लगेच सांगते. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला 57 च्याही वर गेलेलं पाणी आमच्या गल्लीने पाहिलंय. ‘सकाळपासून तीन इंच उतरलंय,’ ती म्हणते, आणि मग विचारते, ‘जेवलास का?’