अंशतः समुद्र

हनिमूनला कुठे जायचं या प्रश्नाला 'समुद्राकाठी' एवढं उत्तर दिलं की अर्धं काम उरकल्यासारखं वाटतं. उरलेलं अर्धं केवढं आहे ते नकाशा उघडल्यावर कळतं. समुद्राला दिशा असते, ऋतू असतो, पाण्याचं तापमान असतं आणि हॉटेलवाल्यांच्या लेखी प्रतवारीही असते.

आमच्या बहुतेक संध्याकाळी या प्रतवारीतच गेल्या. किनाऱ्यावरच्या शहरात खोली शोधायला बसलं की 'सी फ्रंट', 'सी व्ह्यू', 'सी फेसिंग' आणि 'पार्शियल सी व्ह्यू' अशी उतरती भाजणी समोर येते. सी फेसिंग म्हणजे खिडकीचं तोंड समुद्राकडे. मधे काय उभं आहे याची हमी कुणी घेत नाही. पार्शियलची तर गोष्टच वेगळी. अशाच एका खोलीचे फोटो ती एकेक करून सरकवत होती. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले, त्यांच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. पुढचा फोटो गॅलरीचा. डावीकडे शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, उजवीकडे मोबाइलचा टॉवर आणि दोहोंच्या फटीत बोटभर निळं.

"हा समुद्र आहे की टाकीचं झाकण?" तिनं विचारलं.

बोटांनी ताणून फोटो मोठा केला तर त्या निळ्याचे चौकोन चौकोन झाले. शेवटी उपग्रहाच्या नकाशावर हॉटेल शोधलं तेव्हा ते झाकणच निघालं. तेव्हापासून हॉटेलनं टाकलेले फोटो आम्ही पाहतच नाही, राहून आलेल्यांनी टाकलेले पाहतो. त्यांना टाकी लपवण्यात काही रस नसतो.

आता दिशेबद्दल. हनिमूनच्या फोटोत सूर्य हटकून मावळत असतो. दोन पाठमोऱ्या आकृत्या, समोर केशरी गोळा, पाण्यावर त्याची झगमगती पट्टी. हा फोटो हवा असेल तर किनारा पश्चिमेला हवा, एवढी साधी गोष्ट. पण जाहिराती ती सांगत नाहीत. विशाखापट्टणम किंवा पुदुच्चेरीला सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी आपल्या पाठीमागे, घरांआड, गुपचूप निघून जातो. केप टाउनच्या कॅम्प्स बेला पश्चिमेला अख्खा अटलांटिक पसरलेला, त्यामुळे तिथे सूर्यास्ताची चैन. रिओ दि जानेरोत आर्पोआडोरच्या खडकावर सूर्य बुडाला की जमलेले लोक टाळ्या वाजवतात म्हणे, तेही मनात भरलं होतं. पण तिथला किनारा दक्षिणेला तोंड करून आहे. सूर्य पाण्यात बुडताना दिसतो तो त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या आगेमागे. जूनमध्ये जाल तर तो सरकून जमिनीकडे गेलेला असतो. टाळ्या वाजवायच्या तर त्या डोंगरासाठी.

ज्यांना पहाटे उठवत नाही त्यांनी पूर्व किनाऱ्याच्या वाटेला जाऊ नये, हा सल्ला खरं तर ट्रॅव्हल एजंटनं सगळ्यात आधी द्यायला हवा. आमच्या एजंटनं सगळ्यात आधी विचारलं ते 'केक हवा का?' असं. मुळात ती उगवतीची आणि मी मावळतीचा. पुदुच्चेरीचं नाव निघालं तेव्हा ती म्हणाली, "किती छान, रोज सूर्योदय!" मला त्या वाक्यातला फक्त 'रोज' ऐकू आला.

फोटोत न दिसणारं आणखी बरंच काही असतं. पाणी किती गार आहे ते फोटोत कळत नाही. केप टाउनच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्याला बेंग्वेला प्रवाहाचं थंड पाणी लागतं. वर कडक ऊन, खाली निळाशार समुद्र आणि त्यात उतरलेले घोटे बधिर! पोहायचं तर द्वीपकल्पाला वळसा घालून फॉल्स बेकडे जायचं, तिथलं पाणी त्यामानानं ऊबदार. वाराही फोटोत येत नाही. टेबल माउंटनवर 1929 सालापासून केबल कार आहे, पण तिथल्या उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की ती बंद ठेवतात, आणि त्याच वाऱ्यानं डोंगरमाथ्यावर ढगाची चादर पसरते. म्हणून अशा शहरात डोंगर 'शेवटच्या दिवशी निवांत' ठेवू नये. पहिली निरभ्र सकाळ मिळाली की वर जाऊन यावं. फ्रान्सच्या नीस शहराचा किनारा चित्रातल्यासारखा आहे खरा, पण वाळूचा नाही, गोट्यांचा. हातात हात घालून अनवाणी चालायचं म्हटलं तर लक्ष सगळं तळपायांकडे. वाळूत दोघांची नावं कोरायचा बेतही रद्द, अर्थात ते माझ्या पथ्यावरच पडलं असतं.

हे सगळं शोधताना एक गंमत लक्षात आली. यादीत पहिल्यापासून 'किनाऱ्यावर कँडललाइट डिनर' होतं. दर वेळी यादी नव्यानं मांडली तरी ते तिथंच. मी ते ठेवलं होतं, कारण तिला आवडेल. तिनं ते ठेवलं होतं, कारण मला आवडेल. एका रात्री सहज विषय निघाला आणि कळलं की दोघांनाही त्याचा मनापासून कंटाळा आहे. समुद्रावरच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकायची नाही, ताटात वाळू यायची, आणि वेटर ताटकळत उभा राहून आपण बोलतोय का ते पाहणार. ते काढल्यावर हलकं वाटलं. मग आम्ही बाकीची यादीही त्याच नजरेनं चाळली. स्पीडबोट गेली. फोटोग्राफर गेला. जोडप्यांचा मसाज मात्र राहिला, कारण तिथे दोघांनाही आपापल्यासाठीच जायचं होतं. 'तुला आवडेल ते' या वाक्यानं बेत बिघडतात तेवढे पावसानंही बिघडत नसतील.

तर ठरलं विशाखापट्टणम. समुद्र आणि डोंगर एकमेकांना इतके खेटून असलेली शहरं आपल्याकडे फार नाहीत. कैलासगिरीवर उभं राहिलं की खाली किनाऱ्याची लांबच लांब वळणदार रेघ दिसते, आणि पाठीशी शंकर-पार्वतीची पांढरीशुभ्र भव्य मूर्ती; त्या गावातलं सगळ्यात मुरलेलं जोडपं तेच असावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आम्ही टाळले, कारण ते दिवस बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे. 2014 साली 12 ऑक्टोबरला हुदहुद याच शहरावर येऊन आदळलं होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली.

एक दिवस अरकू खोऱ्याचा. रेल्वे पूर्व घाट चढत जाते, वाटेत बोगद्यांमागून बोगदे, आणि मोठ्या काचांचा, काचेच्या छताचा डबाही असतो. काचेच्या छतातून पाहायला मिळणारा काळाकुट्ट अंधार हा प्रकार मला फार आवडला आहे. त्याच रस्त्यात बोर्रा गुहा.

आणि एक आहे पाणबुडी. रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही नौदलाची निवृत्त पाणबुडी वाळूत आणून ठेवली आहे. 2002 पासून तिचं संग्रहालय आहे. हे वाचल्यापासून ती हरखून गेली आहे. अंग चोरून पार करायचे गोल दरवाजे, पाइपांची आणि डायलांची गर्दी, टॉर्पेडोच्या शेजारी झोपायच्या अरुंद फळ्या. नव्या लग्नात माणसं गर्दीपासून दूर मोकळ्या हवेत जातात. आम्ही पोलादी नळकांड्यात शिरणार.

"अरे, आत किती लोक महिनोन्‌महिने एकत्र राहायचे, विचार कर," ती म्हणाली.

"म्हणजे सराव म्हणून जायचंय का?"

यावर तिनं यादीत पाणबुडीपुढे खूण केली आणि दुपार लिहून टाकली. दुपारी मी रिकाम्या ठेवल्या होत्या, मुद्दाम. किनाऱ्याच्या गावात दुपारी ऊन आणि दमट हवा यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पडदे ओढून पडून राहावं, गप्पा माराव्यात, झोपावं. तिला त्या मोकळ्या जागा दिसल्या की काहीतरी विसरलंय असं वाटतं.

सध्या वाटाघाटी पहाटेवर अडल्या आहेत. गॅलरी पूर्वेची मिळाली आहे, तेव्हा पडदा उघडा ठेवून अंथरुणातूनच सूर्योदय पाहू, असा माझा प्रस्ताव. तिच्या मते पाय पाण्यात असल्याशिवाय तो सूर्योदय धरायचा नाही. पाणबुडीच्या बदल्यात मी दोन सकाळी झोपायला मागितल्या होत्या; ती एकीवर आली आहे, तीही शेवटच्या दिवसाची, आणि त्या दिवशी आमचं विमान सकाळी लवकरचं आहे.