पोळ्यानंतरचे रिव्ह्यू वाचा: फवारणी पंप ऑनलाइन घेतानाचा माझा अनुभव

जून-जुलैत फवारणी पंपाखाली जे पाच-पाच स्टार दिसतात, त्यातले बरेचसे पंप वावरात जायच्या आधीच दिलेले असतात. खोकं उघडलं, चार्जर लावला, आंगणात साध्या पाण्याची फवार उडवून पाहिली आणि ‘एकदम मस्त’ लिहून मोकळे. हे ध्यानात आल्यावर माझी पंप निवडायची रीतच बदलली.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन. एकराला दहा पंप, म्हणजे दहा टाक्या पाणी धरलं, तर दिवसभर हाताने दांडा मारून खांदा भरून येतो. म्हणून बॅटरीचा घ्यायचं ठरलं. सोळा लिटरची टाकी, ‘बारा बाय आठ’ची बॅटरी, म्हणजे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. किंमत अडीच हजारांच्या आसपास. दिसायला सगळे सारखेच, काहींचे तर फोटोही तेच, फक्त नाव वेगळं. मग फरक कळणार कशावरून? रिव्ह्यूवरूनच.

मुलगी बी.कॉम.ला आहे. ती म्हणाली, “बाबा, चार पॉइंट तीन आहे न, घ्या न मंग.” कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने ऑनलाइन रेटिंग-रिव्ह्यूचाच विषय घेतला होता. तिनेच सांगितलं, की अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये यावर अहवाल काढला होता. रेटिंग ४ ते ४.७ च्या दरम्यान असलं की माणूस विकत घ्यायची शक्यता सगळ्यात जास्त. पाचच्या जवळ गेलं की उलट कमी होते, कारण सगळेच वाहवा करतात म्हटल्यावर शंका येते. म्हणजे माझ्या मनात जे चाललं होतं, ते त्यांनी आकड्यांत धरलं होतं. तरी ४.३ वर माझं समाधान होईना. ते कोणाचं ४.३?

मी एकेक रिव्ह्यू उघडत गेलो. कोणी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतो, कोणी गाडी धुतो, कोणी करोनाच्या काळात सोसायटीत सॅनिटायझर मारला. त्यांचे पाच स्टार खरेच असतील, पण त्यांच्या पाठीवर भरली टाकी घेऊन काळ्या मातीच्या चिखलात चालायची पाळी नाही. एका पंपाखाली तर मोबाइलच्या कव्हरची तारीफ निघाली. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवली की तिचे स्टारही सोबत येतात. ते पान तिथेच बंद केलं.

मग सगळ्यात नवे रिव्ह्यू वर आणले आणि तारखा पाहू लागलो. पोळ्यानंतरचे, दसऱ्याच्या आसपासचे. आपल्या कामाची माणसं तिथे भेटली. बहुतेकांनी रोमन अक्षरांत हिंदी लिहिलेलं, मधूनच एखादा मराठीत. ‘तीन फवारण्यांनंतर पट्टा तुटला.’ ‘बॅटरी आता पाच टाक्यांतच बसते.’ ‘झाकणातून गळते, पाठ ओली होते.’ एक आणि पाच स्टारवाल्यांपेक्षा तीन स्टारवाल्यांनी जास्त नीट लिहिलेलं असतं, हेही दिसलं. रागाने किंवा खुशीने लिहिणारा एका ओळीत संपतो.

गळण्याचा रिव्ह्यू मी दुसऱ्या कशाच्याही आधी वाचला. कुंडीवाल्यासाठी ते सांडलेलं पाणी आहे. आमच्यासाठी ते पाठीवर उतरणारं विष. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून गावात पंप चालवणाऱ्याची घरची बाई आधी त्याचा शर्ट पाहते. ज्या पंपाखाली गळतीची तक्रार दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिली होती, तो रेटिंग कितीही असो, बाद केला.

शेवटी दोन राहिले. तालुक्याच्या कृषी केंद्रात गेलो आणि मोबाइल समोर धरून विचारलं, यातल्या कोणाचं सामान तुमच्याकडे मिळते? मालक हसले. म्हणाले, “घ्या भाऊ तिकडून, पण वायसर मागाले माह्याकडे नोका येजा.” बोलणं तिरकं होतं, पण माहिती पक्की दिली: एकाचं नोझल आणि वायसर (वॉशर) इथल्या कोणत्याही दुकानात बसतात, दुसऱ्याचे मापच वेगळे. ही गोष्ट एकाही रिव्ह्यूत नव्हती. ऐन हंगामात वायसरसाठी आठ दिवस पार्सलची वाट पाहत बसलं तर बोंडअळी थांबत नाही.

ज्याचे भाग इथे मिळतात तो मागवला, माल हातात आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. पार्सलवाला गावात येत नाही, फाट्यावर उभं राहून फोन करतो. खोकं उघडताना मुलीने व्हिडिओ काढला. माल फुटका निघाला तर तेवढाच पुरावा असतो.

खोक्यात पंपासोबत एक रंगीत कार्ड निघालं. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवा, शंभर रुपये मिळवा. मला तेव्हा उलगडलं की जूनमधले स्टार एवढे का चमकतात. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू लिहायला मनाई आहे. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढलं, पण पाळायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कार्डवाले मात्र स्वतः लिहीतच नाहीत, आपल्याकडून लिहवून घेतात. शंभर रुपये कोणाला नको असतात? तरी मी पाठवलं नाही. शंभरात माझ्यासारख्या दुसऱ्याची पाठ ओली करायची नव्हती.

रिव्ह्यू लिहिला दसरा झाल्यावर. आधी कार्डाबद्दल लिहिलं होतं, ते परत आलं. विक्रेत्याबद्दल नको, वस्तूबद्दल लिहा, असा निरोप. मग फक्त पंपाचं लिहिलं. चार स्टार दिले. झाकण गळलं नाही, बॅटरी नवी असताना दोन एकर निघाले, आता त्याहून कमी निघते, पट्टा अरुंद आहे म्हणून जुन्या गोणपाटाची गादी शिवून लावली, वायसर दुकानात मिळते. पाठ आणि टाकी दोन्ही दिसतील असा फोटो टाकला. काही लोकांनी ‘उपयोगी’ दाबलेलं दिसते.

शेजारच्या मामांना मोठ्या कौतुकाने तो वाचून दाखवला. त्यांनाही पंप घ्यायचाच आहे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू लिवलं ते बरोबर असन गा. पण दोन दिवस माह्या वावरात चालवून पायतो.”

पंप सध्या त्यांच्याकडेच आहे.