तिकांडं बुडाल्यावर

पाडव्याच्या आदल्या रात्री मी दहिवडीजवळ नानांच्या वस्तीवर होते. फाल्गुनातली अमावस्या, म्हणजे चंद्राचा प्रश्नच नाही, आणि मार्चमधलं माणचं आभाळ इतकं कोरडं असतं की साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून जिथं मोजून तीस-चाळीस तारे दिसतात तिथं इकडं मोजायला सुरुवात कुठनं करायची तेच कळत नाही.

गेले काही महिने मी अमेरिकेतल्या वाळवंटांमधल्या डार्क स्काय पार्कांबद्दल, म्हणजे दिव्यांचा उजेड आवरून रात्रीचं आभाळ अंधारं राखलेल्या जागांबद्दल, वाचतीय. युटामधलं नॅचरल ब्रिजेस २००७ साली जगातलं पहिलं ठरलं, डेथ व्हॅलीला २०१३ मध्ये तो दर्जा मिळाला. आता डेथ व्हॅली एवढी कोरडी का, तर पश्चिमेकडनं येणारे ढग सिएरा नेवाडाच्या डोंगरांवरच रिकामे होतात. हे वाचलं आणि मी थांबलेच, अहो ही तर आमचीच गोष्ट! महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशेच्या आसपास. ज्या दुष्काळापायी आमच्या अर्ध्या भावकीनं मुंबई गाठली, त्याच कोरड्या हवेनं हे आभाळ राखलंय.

फक्त गोठ्यावरचा नवा एलईडी डोळ्यात घुसत होता. पांढराफेक, आणि निम्मा उजेड वर आभाळात वाया. मी म्हटलं नाना, तासभर बंद करू या का? ते म्हणाले, "जनावरं हायत पोरी, अंधार नको." मग त्यांनीच गोडेतेलाचा रिकामा डबा आणला, कात्रीनं एका बाजूनं कापला, तारेनं दिव्यावर टोपीसारखा बसवला. उजेड सगळा खाली गव्हाणीत पडायला लागला, म्हशींना काहीच फरक नाही, आणि वरचं आभाळ एकदम खोल झालं. एवढं सोपं असतं हो हे.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाईल बघितला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला होता, लाल उजेडानं डोळे तेवढे बिघडत नाहीत.

नानांना मृग वगैरे नावं लागत नाहीत, ते तिकांडं म्हणतात, आणि सप्तर्षी म्हणजे म्हातारीचं बाजलं. पूर्वी तिकांड्यावर बघून रात्री मोट नाहीतर पाणी धरायची वेळ ठरायची म्हणे. पावणेबाराच्या सुमाराला तिकांडं पश्चिमेला बुडालं तसं मी त्यांना दक्षिणेकडं वळवलं. साडेबाराला त्रिशंकू, दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा समूह, माळाच्या वर, जेमतेम बारा अंशांवर, सरळ उभा! शेजारी मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. हा त्रिशंकू डेथ व्हॅलीतनं दिसतच नाही, ती जागा फार उत्तरेला पडते. जेवढं उत्तरेला जावं तेवढा ध्रुवतारा वर चढतो आणि दक्षिणेचे तारे क्षितिजाखाली जातात; तिथला ध्रुव छत्तीस अंश वर, आपला साडेसतरा. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, की अंधार त्यांच्याकडं असेल पण दक्षिणेचं आभाळ आपल्याकडं जास्त आहे.

"ह्यो पतंगच की," नाना म्हणाले. चार तारे खरंच पतंगासारखे.

तीनच्या पुढं ज्येष्ठा, वृश्चिकातला तांबडा तारा, चांगली वर आली, तिच्यामागनं विंचवाची नांगी, आणि आग्नेयेला आकाशगंगेचा जाड पट्टा, मध्ये काळे डाग स्पष्ट. नाना बाजेवर उठून बसलेले, चादर खांद्यावर, विडी हातात तशीच, पेटवलीच नव्हती. म्हणाले, राहू दे, काडीचा उजेड होईल.