खिडकी : ० डॉलर

बेसमेंटमध्ये झोपायची खोली काढायच्या खर्चाची इतकी देखणी एक्सेल शीट मी क्वचितच पाहिली असेल. १२ बाय १३ फुटांची खोली, म्हणजे भोवताली ५० फूट भिंत, ८ फूट उंच. ४ बाय ८ चे ड्रायवॉलचे, म्हणजे भिंत झाकायच्या जिप्समचे, साडेबारा तक्ते, छताला ५, वाया जाणार ते धरून २०. स्क्रूचे डबे, सांध्यांची टेप, रंगाचे दोन हात, दुकानातल्या सवलतीचे कूपनसुद्धा वजा केलेलं. एकूण ६,८४२ डॉलर. 'स्वतःची मजुरी' शून्य. आणि एकविसाव्या ओळीत : 'खिडकी – आहे तीच – ०'.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडे मी घरांच्या बांधकामाची तपासणी करतो. दिवसाला आठ-नऊ घरं. ड्रायवॉल लागायच्या आत गाठायचं, कारण एकदा भिंत झाकली की आत काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. ही शीट ज्या घरची, तिथे पाटीवर मराठी आडनाव दिसलं तेव्हाच जरा धास्ती वाटली. आपल्या माणसाला 'नापास' म्हणणं जड जातं.

काम मात्र पाहत राहावं असं. काँक्रीटला टेकणारी खालची पट्टी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाची, स्टड (भिंतीतले उभे वासे) बरोबर १६ इंचांवर, भिंतीला लागून कुठेही उभं राहिलं तरी ६ फुटांच्या आत सॉकेट. पैसे घेऊन काम करणारे कंत्राटदार याच्या निम्म्यानेही करत नाहीत. मुलगा पस्तिशीचा, सगळं व्हिडिओ बघून शिकलेला. कोपऱ्यात एक कॉट आधीच मांडलेली. आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि वरच्या बेडरूम दोन्ही भरलेल्या. काकूंनी चहा विचारला. आम्हाला तपासणीच्या घरी पाणीही घेता येत नाही. हे मराठी घरात सांगून बघा.

खिडकी होती ३२ बाय १५ इंच, छताला चिकटलेली, वरून आत कलणारी. बेसमेंटमध्ये नवी झोपायची खोली काढली की तिथून माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते. उघडल्यावर मोकळी जागा ५ चौरस फूट, खिडकीचा खालचा काठ खोलीच्या जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नाही. लोक इथेच फसतात. नियमात किमान रुंदी २० आणि किमान उंची २४ इंच असं लिहिलंय. दोन्ही किमान धरले तर होतात फक्त ३.३ चौरस फूट. २० इंच रुंद हवी असेल तर उंची ३६ लागते. हे माप खोलीतून बाहेर पडणाऱ्यासाठी जितकं, तितकंच पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन आत शिरणाऱ्या अग्निशामक जवानासाठी.

नकाशा तपासणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने 'खिडकी नियमाप्रमाणे' असा लाल शाईचा शिक्का मारला होता. असे शिक्के तो सगळ्यांनाच मारतो, म्हणून कोणी वाचत नाही. मी त्याला दहादा सांगितलंय, माप लिही.

"काका, खर्च किती?"

मी सांगितलं. खिडकी काहीशे डॉलरांची. पण पायाची काँक्रीटची भिंत कापायची, बाहेर निदान ३ फूट पुढे येणारा खड्डा, त्याला पत्र्याची कड, शिडी, तळाला पाण्याचा निचरा. आमच्याकडे पाच-सहा हजारांच्या खाली कोणी हात लावत नाही. म्हणजे बजेट जवळपास दुप्पट.

आणखी एक ओळ शीटमध्ये नव्हती : रेडॉन, जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. ते तपासणं माझ्या कामात येत नाही, पण मी न सांगता राहत नाही. १९८४ मध्ये इथून जवळच बॉयरटाउनचा स्टॅन्ली वॉट्रस लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला शिरला की किरणोत्साराचे भोंगे वाजायचे. केंद्र सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सार त्याच्या घरातून येत होता, जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉनचा. चाचणीची डबी स्वस्तात मिळते.

मुलगा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग बेडरूम नकोच. 'स्टडी' लिहितो."

आणि नियम त्याच्या बाजूने होता! जुन्या बेसमेंटमध्ये झोपायची सोडून दुसरी खोली केली तर ही खिडकी लागत नाही. कॉट काढा, टेबल ठेवा, मला सही करावीच लागते. हा नियम लिहिणाऱ्याने कधी कोणाच्या घरी आई-बाबा आलेले पाहिले नसावेत.

वडील इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. ते म्हणाले, "अरे, आमच्या लाल डब्यालासुद्धा मागं संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग असतो." मग माझ्याकडे वळून, "साहेब, खड्डा मी खणला तर किती वाचतील?"

मी सांगितलं, फावडं मारण्याआधी ८११ ला फोन. गॅसची लाइन कुठून गेलीय ते दाखवून जातात, फुकट. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही काही खणणार नाही आहात." मी 'नापास'चा कागद ठेवून निघालो.

आठवड्याने सुधारित नकाशा आला. 'स्टडी'. शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा डिसेंबर लागला होता. टेबल होतं, त्यावर लॅपटॉप, कॉट कुठे दिसली नाही. कपाट उघडून बघायचा मला अधिकार नाही. स्टडीला लागत नसलेला धुराचा अलार्म छतावर होता. बटण दाबलं, वरच्या मजल्यावरचेही वाजले.

सही केली. गाडीकडे येताना घराच्या कडेने वळलो. त्या खोलीच्या भिंतीबाहेर गवतात छोटे झेंडे रोवलेले होते, गॅसचे पिवळे, विजेचे लाल. खणलेलं काहीच नव्हतं. जमीन दगडासारखी गोठली होती.