दुसऱ्यांची पत्रं

रविवार, रात्री उशिरा

दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, हे आईनं लहानपणीच बजावलेलं. तरी तीन दिवस जॉन मोर्ले आणि लॉर्ड मिंटो यांची पत्रं वाचत बसलोय. शंभर वर्षं उलटली की पाप लागत नाही, अशी सवलत मीच मला दिली आहे.

शाळेत हे दोघं ‘मोर्ले-मिंटो सुधारणा’ म्हणून भेटले, जोडाक्षरासारखे. प्रत्यक्षात जोडी विजोडच. मोर्ले लंडनमधला भारतमंत्री, पुस्तकांत बुडालेला लिबरल. मिंटो तरुणपणी घोड्यांच्या शर्यती मारणारा व्हाईसरॉय. सरकारी खलिते दफ्तरी लागायचे, खरं बोलणं खासगी पत्रांत. टपालाची बोट मुंबईला लागली की थैल्या रेल्वेनं पुढे कलकत्त्याला, नाहीतर सिमल्याला.

१९०६ मध्ये रशियाशी समेटाची बोलणी सुरू झाली. सिमल्याला, म्हणजे मिंटोच्या सरकारला, ती रुचेनात. रशियाची धास्तीच संपली तर सरसेनापती किचनेरच्या सैन्यवाढीला पैसा मागायचा कशाच्या नावानं? मोर्लेनं मिंटोला खासगीत सुनावलं, देशाला दोन परराष्ट्रधोरणं ठेवता येत नाहीत.

जानेवारी १९०७ मध्ये अफगाणिस्तानचा अमीर हबीबुल्ला पाहुणा म्हणून आला. आग्र्यात मिंटोनं त्याची थाटात सरबराई केली. तिकडे सेंट पीटर्सबर्गला ब्रिटिश राजदूत निकोल्सन आणि रशियाचा परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की यांची बोलणी चाललेली, आणि अमीराला त्याचा पत्ताच नाही. ३१ ऑगस्टला सह्या झाल्या. उत्तर इराण रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय कोपरा ब्रिटनच्या, मधला पट्टा दोघांना मोकळा. रशियानं काबूलशी राजकारण बोलायचं ते ब्रिटनमार्फत. तेहरानला कुणी विचारलं नाही. अमीराच्या संमतीचं कलम मात्र घातलं होतं. ती त्यानं कधी दिलीच नाही.

इथवर मी मजेत वाचत होतो, दुसऱ्याच्या घरातली भांडणं ऐकावीत तसा. मग आला जुलै १९०८. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याला मोर्ले खासगीत लिहितो, की मला विचारलं असतंत तर त्यांच्या वाटेला जाऊ नका असंच म्हटलं असतं. खासगी कागदावर माणूस केवढा शहाणा! शिक्षा मात्र कायम राहिली आणि टिळक मंडालेला गेले.

तिथून ते घरी जी पत्रं धाडत, ती तुरुंगाचे अधिकारी आधी वाचत आणि मगच पुढे सोडत.