अण्णांच्या मशीनसाठी इन्व्हर्टर

पुण्यात आमच्या धायरीत गुरुवारी सकाळी लाइट गेले की माझा जीव खालीवर व्हायचा. अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, 350 वॉटचं. म्हणून इन्व्हर्टर घ्यायला तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले.

पहिल्या दुकानदाराने स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत लहरीची वीज देणारा इन्व्हर्टर पुढे केला. मी नको म्हटलं. मशीनच्या आत कॉम्प्रेसर आहे, त्याला घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर देणारा शुद्ध साइन वेव्हच हवा. "150 एएच बॅटरी घ्या, चार तास बघायला नको," असंही तो म्हणाला. हिशोब तिथेच बिलामागे मांडला: 12 व्होल्ट गुणिले 150 एएच (अँपिअर-तास), म्हणजे 1800 वॉट-तास. मशीन, पंखा, एक दिवा धरून 430 वॉट. कागदावर चार तास खरे, म्हणून तीच एक बॅटरी घेतली. पण 150 हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश उतरवली तरचा. शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. आमच्याकडे अडीच तासांनीच तो टूंटूं करू लागला, तेव्हा अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्याच आठवड्यात 24 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणल्या. डिस्टिल्ड वॉटरची पातळी मी दर महिन्याला स्वतः बघते.

सोसायटीत आता सोलरचं चाललंय. बिल कमी होईल, चांगलंच आहे. पण साधं ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेले की भर उन्हातही बंद पडतं, तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅकअप हवा तर हायब्रिड, म्हणजे सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. घरी आजारी माणूस असेल तर हे आधी विचारा.