तुम्ही विचारलंत म्हणून: रोटरी इंजिन खरंच टिकत नाही का?

सांगली-साताऱ्याकडून हा प्रश्न येतो तो बहुधा एकाच वळणाने. मुलगा ऑकलंडला किंवा मेलबर्नला आहे, तिथे जुनी माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय, पण जो तो म्हणतो रोटरी टिकत नाही, घ्यावी का? आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पोच डोळ्यांपुढे येतो, म्हणून जरा खुलासेवार.

घ्यायला हरकत नाही. फक्त कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते ते, मोजल्याशिवाय नको, आणि मुलाला बॉनेट उघडायचा कंटाळा असेल तर मुळीच नको.

या इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट यांतलं काहीच नाही. आठच्या आकड्यासारख्या पोकळीत तीन कोनांचा रोटर फिरतो. आरएक्स-८ मध्ये असे दोन, प्रत्येकी 654 सीसीचे. शाफ्टचे तीन फेरे झाले की रोटरचा एक होतो, म्हणजे आरपीएमचा काटा 9000 वर असताना रोटर 3000 नेच फिरत असतो. झिजायला भाग थोडे. पण रोटरच्या तिन्ही टोकांना ज्या बारीक पट्ट्या असतात, ते एपेक्स सील, त्यांच्यावर सगळा डोलारा. ते भिंतीला घासतच फिरतात आणि त्यांना तेल लागतं.

म्हणून हे इंजिन ऑइल पितं. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे: एक छोटा पंप इंजिन ऑइलचे थेंब मुद्दाम आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतात. कृष्णाकाठी उसाला पाणी उपसणारं डिझेल इंजिन जी हेळसांड वर्षानुवर्षं सोसतं, ती इथे चालत नाही. एक आड एक पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघायचीच, आणि दर 5000 किलोमीटरला ऑइल बदलायचं. बरेच मालक वरून पेट्रोलच्या टाकीतही टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, ओततात. लूना-चेतक चालवलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पंप चालू असेल तर लिटरला 5 मिली, म्हणजे 40 लिटरला 200 मिली, बास. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं, कमी धुराचं ऑइल घ्यावं.

सगळ्यात जास्त रडारड होते ती ‘ओव्हर’ होण्याची. धुवायला म्हणून थंड गाडी दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, एवढं पुरतं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, ते सीलवरचं तेल धुऊन नेतं, कॉम्प्रेशन बसतं, आणि मग सेल्फ मारत बसा. इलाज असा: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, अशाने कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. आठ-दहा सेकंद मारून थांबायचं. नाही उठली तर प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचे कनेक्टर काढून खालचे दोन प्लग काढायचे, पुन्हा सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकायचं (जवळ विडी-काडी नको), प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल, मग कोरडे प्लग लावून चालू. बॅटरी दमदार हवी. सुरुवातीच्या आरएक्स-८ चा सेल्फच कमजोर होता, माझदाने पुढे जोरदार दिला; जुन्या गाडीत तो बदललाय का विचारा. आणि एकदा चालू केली की तापमानाचा काटा वर येईपर्यंत बंद करायची नाही.

प्लग एकूण चार. खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. जात वेगळी, अदलाबदल चालत नाही. कॉइल 50,000 किलोमीटरच्या आसपास दम टाकतात. मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो वितळून चोंदतो, उष्णता मागे तुंबते आणि सील जातात. हजारांची कॉइल टाळायची आणि इंजिन उतरवायचं, असला हा हिशोब.

उष्णतेचं आणखी एक दुखणं. इथे जाळ कायम एकाच बाजूला, गार हवा दुसऱ्या बाजूला; त्यात मधली हाउसिंग, म्हणजे रोटरभोवतीचं कवच, ॲल्युमिनियमची, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. एकदा जरी गाडी जास्त तापली तरी मधले पाण्याचे सील सुटतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून वेगळा टेम्परेचर गेज बसवावा. उलट इंजिन नीट गरम झाल्यावर अधूनमधून आरपीएमचा काटा लाल रेषेपर्यंत न्यावा, कार्बन झडतो. हळू चालवणं म्हणजे जपणं, हे या गाडीला लागू नाही.

आता कॉम्प्रेशन. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगलीच दाखवतो, मेलेली झाकतो. रोटरीचा टेस्टर हवा: दोन रोटर, सहा आकडे. 250 आरपीएमला चौरस सेंटिमीटरला 8.5 किलो म्हणजे नव्यासारखं, 6.9 ही शेवटची पायरी. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत दीड किलोहून जास्त फरक असला तरी नको.

टेस्टर मिळाला नाही तर गाडी वीस मिनिटं फिरवायची, बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग किल्ली मारायची. खंगलेलं इंजिन थंड असताना उठतं. गरम झालं की सेल्फ नुसता फिरत राहतो. मालक थंड गाडी लगेच चालू करून दाखवेल, पण गरम करून दाखवायला घाई-गडबडीचं कारण सांगू लागला तर मुलाला म्हणावं, तिथूनच परत फिर.